तणाव ओळखण्याचे प्रशिक्षण: आधी अंदाज, मग आकडा

नाशिकमधील एका प्रशिक्षण केंद्राच्या समन्वयक ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, अपघात विभागातील परिचारिका आणि प्रथमोपचाराचे स्वयंसेवक यांच्या तुकड्यांना त्या आकस्मिक उपचारांचे प्रशिक्षण देणार आहेत. छातीवर बांधायचे ठोके मोजणारे पट्टे, मनगटी घड्याळे, कॅमेरे आणि आभासी वास्तवाचे दोन हेडसेट घेता येतील एवढा निधी केंद्राला मिळाला आहे. या साधनांनी प्रत्येकाचा तणाव मोजून, जे शांत राहतात त्यांची निवड रामकुंडाजवळच्या पथकांसाठी करता येईल का, आणि तसे करणे योग्य नसेल तर ही साधने नेमकी कशी वापरावीत, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, निवडीसाठी ही साधने वापरू नका, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. बावीस वर्षे आकस्मिक विभागात काम केल्यावर, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे शिकवण्यातही घालवल्यावर, माझे मत असे झाले आहे की छातीवरच्या पट्ट्याचा खरा उपयोग एकच आहे. अंगात तणाव चढू लागला की तो पहिल्या काही सेकंदांतच ओळखायला माणसाला शिकवणे, हा तो उपयोग. त्यासाठी एक नियम कसोशीने पाळावा लागतो: प्रशिक्षणार्थीने आधी स्वतःचा अंदाज सांगायचा आणि मगच यंत्राचा आकडा पाहायचा. हा क्रम उलटला की माणूस आपल्या शरीराकडे लक्ष देणे सोडतो आणि यंत्राकडे बघायला शिकतो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर त्याच्या छातीला पट्टा बांधलेला नसणार, हे आपण कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

पट्टा काय मोजतो, हे आधी नीट समजून घेऊ. धोक्याची जाणीव होताच सिंपथेटिक चेतासंस्था जागी होते, ॲड्रिनलिन रक्तात उतरते आणि काही सेकंदांतच ठोके वाढतात, तळहातांना घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. यांपैकी ठोके मोजणे सर्वांत सोपे, म्हणून सगळ्यांचा भर त्यावर असतो. पण हीच नाडी, थांबलेले हृदय चालवण्यासाठी छातीदाब देताना, श्रमाने वाढते, तिसऱ्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरवताना वाढते, मे महिन्याच्या उन्हात पुरेसे पाणी न प्यायल्याने वाढते, तापाने वाढते आणि आवडते काम समोर आल्याच्या उत्साहानेही वाढते. उलट, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर हे ठोके मंदावणारे औषध घेणाऱ्या व्यक्तीची नाडी आत कितीही कालवाकालव झाली तरी फारशी चढत नाही. लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक तपासावे असेही काही जण सुचवतात. ते संशोधनासाठी ठीक आहे, पण त्याची पातळी प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठते आणि अहवाल हाती येईपर्यंत वर्ग संपून सगळे घरी गेलेले असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सारखाच आकडा दोन माणसांत दोन वेगळे अर्थ घेऊन येतो. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडले त्याप्रमाणे, समोरची मागणी किती आणि ती पेलण्याचे माझे बळ किती, याचा हिशेब मन सतत करत असते, आणि तणाव त्या हिशेबातून उभा राहतो. एकशे तीस ठोक्यांवर असलेला एक डॉक्टर ‘हे मला जमणार आहे’ अशा भावनेने काम करत असतो, तर तेवढ्याच ठोक्यांवरचा दुसरा ‘आता सुटका नाही’ असे समजून गारठलेला असतो. पट्ट्याला हा फरक कळत नाही. प्रशिक्षण वर्गांतून फळ्यावर नेहमी काढली जाणारी टेकडीसारखी रेषा, म्हणजे मध्यम तणावात कामगिरी उत्तम आणि त्यापुढे घसरण, तीही जपून वापरावी. तिचे मूळ यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर विजेचे धक्के देऊन केलेल्या प्रयोगांत आहे. तिच्यावरून ‘एकशे पंधरा ते एकशे पंचेचाळीस ठोके म्हणजे आदर्श’ अशा मर्यादा ठरवून कोणाला पास-नापास करणे हा अन्यायच होईल.

मग तणावाने काम बिघडते कुठे? माझ्या अनुभवात दोन ठिकाणी. पहिले म्हणजे लक्षाचा परीघ आकसतो. जे.ए. ईस्टरब्रूक यांनी १९५९ मध्ये हे सूत्ररूपाने मांडले होते: उत्तेजना वाढत गेली की आपण टिपत असलेल्या खुणा कमी होत जातात, आधी बिनमहत्त्वाच्या गळतात आणि मग कामाच्याही. दुसरे म्हणजे डोक्यातल्या डोक्यात करायची आकडेमोड चुकते. कॅनडात व्हिकी लेब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ताण देणाऱ्या कृत्रिम प्रसंगानंतर पॅरामेडिकना औषधांच्या मात्रा काढायला सांगितल्या, तेव्हा त्यांची अचूकता घटलेली दिसली. आपल्याकडे ही आकडेमोड रोजची आहे, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून येणारे विषबाधेचे रुग्ण हे तिचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. म्हणून माझ्या वर्गातला मुख्य सराव मी त्याच प्रसंगावर बेतलेला आहे.

तो सराव थोडा सविस्तर सांगतो. स्ट्रेचरवर मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा माणसासारखा पुतळा. चाळिशीचा शेतकरी, ऑर्गनोफॉस्फेट हे कीटकनाशक पोटात गेलेले, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, नाडी अठ्ठेचाळीस. यावरचा उतारा ॲट्रोपिन, आणि आपल्याकडे त्याचे नेहमीचे अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, ०.६ मिलिग्रॅमचे असते. सुरुवातीला १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच अँप्युल, द्यायचे. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी आणि रक्तदाब पाहायचा, आणि सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करायची. छातीतली घरघर थांबून नाडी आणि वरचा रक्तदाब दोन्ही ऐंशीच्या वर जाईपर्यंत हे चालू ठेवायचे. तीन, सहा, बारा, चोवीस. कागदावर हे पाढ्याइतके सोपे वाटते. बारा अँप्युल एकामागून एक फोडताना, शेजारी नातेवाईक ओरडत असताना, आणि चोवीस ऐकून कोणाचीही छाती दडपत असताना ते तितके सोपे राहत नाही.

एका वर्गात १०८ रुग्णवाहिकेवर नुकताच रुजू झालेला एक तरुण डॉक्टर हा प्रसंग हाताळत होता. पहिली तीन अँप्युल बरोबर गेली. पाच मिनिटे झाली, आणि त्याने पुन्हा तीनच भरायला सांगितली. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, ‘सर, दुप्पट ना?’ त्याचे उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारले, या वेळी जरा मोठ्याने. तो टॉर्चने बाहुल्या बघत होता आणि बघतच राहिला. प्रसंग संपल्यावर मी त्याला कार्ड दिले. ‘शून्य ते दहा यांत तणाव किती होता, आणि शरीरात कुठे जाणवला?’ त्याने लिहिले, ‘चार, विशेष काही नाही.’ त्यानंतर आम्ही पट्ट्याची नोंद उघडली. त्याचे विश्रांतीचे ठोके अठ्ठ्याहत्तर होते. मॅनिकिनला हात लावायच्या आधीच, नुसते ‘विष घेतलंय’ एवढे ऐकून, ते एकशे एकोणचाळीसवर गेले होते. तो जागचा हललेलाही नव्हता, त्यामुळे हा वाढीव आकडा श्रमाचा नव्हता. मग व्हिडिओ लावला, पूर्ण नाही, फक्त त्या चाळीस सेकंदांचा. सिस्टरांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. दोनदा. तो म्हणाला, ‘सर, हे मी ऐकलंच नाही.’ तिसऱ्यांदा बघताना त्यानेच थांबवायला सांगितले आणि पडद्यावर बोट ठेवले: डाव्या हाताचा अंगठा त्याने मुठीत घट्ट दाबून धरला होता, नखे पांढरी पडेपर्यंत.

त्या दिवसापासून तो अंगठा ही त्याची खूण झाली. आकडा तो विसरला असेल, पण त्यानंतर काही महिन्यांनी पेठकडून नाग चावलेला एक मुलगा आणताना, श्वास मंदावत असताना, अंगठा मुठीत गेलेला त्याला जाणवला आणि त्याने सिस्टरांना मोठ्याने विचारले, ‘माझं काही सुटतंय का?’ हे त्यानेच मला सांगितले. मला या सगळ्या साधनांतून हवे असते ते एवढेच. प्रत्येकाची खूण वेगळी असते. कोणाचा जबडा आवळतो, कोणी श्वास रोखून धरतो, कोणी नको तितक्या वेगाने बोलू लागतो, एकजण हातमोजे पुन्हा पुन्हा ओढतो. ती खूण शोधून देणे हे प्रशिक्षकाचे काम, आणि पट्टा व कॅमेरा त्यासाठी मदतीला असतात.

आता याच्या उलट घडलेले सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. वीस वर्षे अनुभव असलेल्या एका सिस्टरांचे ठोके त्याच प्रसंगात शहाण्णवच्या पुढे गेले नाहीत. केवळ आलेखावरून निवड केली असती तर त्या पहिल्या आल्या असत्या. त्यांच्या कार्डावर मात्र आठ लिहिलेले होते, आणि पुढे, ‘हात जड झाले.’ व्हिडिओत दिसले की औषधांच्या ट्रॉलीच्या कप्प्यावर हात ठेवून त्या पंचवीस सेकंद तशाच उभ्या होत्या. तिथे त्यांचा अंदाज खरा होता आणि पट्ट्यावर विसंबणारे आम्ही चुकीचे ठरलो असतो. म्हणून अंदाज आणि आकडा जुळत नाहीत तेव्हा यंत्र बरोबर आणि माणूस चूक असे कधीही म्हणू नये. तो फरक हाच त्या दिवसाचा धडा असतो आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

साधनांच्या निवडीबाबत माझा सल्ला असा की मनगटी घड्याळे घेऊ नयेत. ती त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील बदलावरून ठोके काढतात, आणि छातीदाब देताना मनगट सतत हलत असल्याने नेमक्या हव्या त्या क्षणी त्यांचे आकडे भरकटतात. शिवाय रुग्णाजवळ काम करताना कोपरापासून खाली काहीही नसावे, हात नीट धुता यावेत, ही शिस्त आपण ज्या वर्गात शिकवतो त्याच वर्गात घड्याळे बांधायला लावणे विसंगत आहे. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, त्यामुळे तो अधिक भरवशाचा. त्याचे इलेक्ट्रोड बांधण्यापूर्वी पाण्याने ओले करावेत, नाहीतर पहिली काही मिनिटे नोंद तुटक येते. महिलांना पट्टा बांधण्यासाठी स्वतंत्र खोली असावी. ही गोष्ट सांगावी लागू नये, पण अनेक ठिकाणी तिचा विसर पडलेला मी पाहिला आहे.

घड्याळे आणि ॲप ‘स्ट्रेस स्कोअर’ नावाचा एक आकडा दाखवतात, त्याकडे दुर्लक्ष करावे. तो कसा काढला हे कंपन्या पुरते उघड करत नाहीत, आणि विद्यार्थ्याला तो अंतिम निकालासारखा वाटतो. दोन ठोक्यांमधील अंतराची चढउतार हे मोजमाप शास्त्रीय आहे खरे, पण ते पाच मिनिटे शांत बसून घ्यावे लागते. पळापळीत, बोलताना, वाकताना घेतलेल्या मोजमापाला अर्थ राहत नाही. घामाने वाढणारी त्वचेची विद्युत्वाहकता मोजणारे संवेदकही मिळतात. कुंभमेळ्याची मुख्य, म्हणजे अमृत स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत. रेनकोट आणि हातमोजे घालून उभ्या असलेल्या माणसाचा घाम भीतीचा की दमट हवेचा हे संवेदकाने कसे ओळखावे? ती खरेदी टाळलेली बरी.

पट्ट्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, माझा भरवसा छातीदाबाच्या सरावासाठीच्या, प्रतिसाद देणाऱ्या सीपीआर मॅनिकिनवर आहे, आणि निधीतील मोठा वाटा मी त्यावर खर्च करीन. छातीदाबाची गती मिनिटाला शंभर ते एकशे वीस, खोली पाच ते सहा सेंटिमीटर आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे तीनही तो क्षणाक्षणाला दाखवतो. घाबरलेल्या माणसाचे हात काय करतात ते त्यावर लख्ख दिसते. गती एकशे चाळीसवर जाते, दाब उथळ होतो, आणि दोन मिनिटांनी अदलाबदल करायची असते तरी तो ‘मी करतो, मी करतो’ म्हणत बाजूला होत नाही. इथे आपण तणावाचा रुग्णावर होणारा परिणाम थेट मोजत असतो. त्यामुळे चर्चेला ‘तू घाबरलास’ असे व्यक्तीवरचे वळण न लागता ‘तिसऱ्या मिनिटाला दाब उथळ का झाले असतील’ असे कामावरचे वळण लागते, आणि मुले मोकळेपणाने बोलतात.

वर्गाची आखणी करताना डोनाल्ड मायकेनबाम यांच्या तणाव-लसीकरणाच्या पद्धतीतील तीन टप्पे मला आजही सर्वांत उपयोगी वाटतात: आधी तणाव समजून घेणे, मग त्याला तोंड देण्याची कौशल्ये शांतपणे शिकणे, आणि शेवटी हळूहळू वाढत्या ताणाखाली ती वापरून पाहणे. आपल्याकडे बहुतेक वर्ग तिसऱ्या टप्प्यापासूनच सुरू होतात, कारण गोंधळ उभा करणे सोपे असते आणि बघणाऱ्यांवर त्याची छाप पडते. पहिल्या दिवशी एक लहानसा ध्वनिक्षेपक आणि एखाद्या पर्वणीला ध्वनिमुद्रित केलेला गर्दीचा आवाज एवढे पुरते, आणि तोही दुसऱ्या फेरीत. हरवलेल्या माणसांच्या घोषणा, पोलिसांच्या शिट्ट्या, वाजत राहणारा मोबाइल आणि ‘डॉक्टर, आधी इकडे बघा’ म्हणणारा एक नातेवाईक. हे आवाज एकेक करून वाढवावेत. पहिल्या फेरीत जो प्रसंग चुकला तोच प्रसंग त्याच दिवशी पुन्हा करू द्यावा. चूक पदरात घेऊन घरी गेलेला विद्यार्थी तणाव ओळखायला शिकत नाही, तो वर्गाला घाबरायला शिकतो.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे कौशल्ये शिकताना, पट्टा पडद्याला जोडून थेट आलेख दाखवायला हरकत नाही. आधी अंदाज मग आकडा, या नियमाला मी केलेला हा एकमेव अपवाद. प्रशिक्षणार्थीला खुर्चीत बसवून चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर असे दोन-तीन मिनिटे करायला सांगावे. मिनिटाला सहा श्वासांच्या या लयीत ठोके श्वासाबरोबर संथ लाटेसारखे वर-खाली होताना दिसतात, आणि श्वास सोडताना आपलीच रेषा खाली उतरते हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘श्वासाने काय होणार’ असे म्हणणारेही गप्प होतात. प्रत्यक्ष केसमध्ये दोन मिनिटे कोणीच देणार नाही. हातमोजे घालताना दोन लांब उच्छ्वास, एवढीच सवय लावायची. रुग्णवाहिकेतील मंडळींना मात्र कॉल आल्यापासून पोहोचेपर्यंतची काही मिनिटे मिळतात, आणि ती बहुधा फोनवर वाया जातात. तुमच्या वर्गात पायलटांनाही, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकांनाही, बसवा. गाडी चालवणाऱ्याचा श्वास सुटला तर मागच्या दोघांचाही सुटतो.

श्वासाला जोडून, मनाशी बोलायचे एक वाक्य, पुढच्या कृतीचे डोळ्यांसमोर चित्र, आणि लक्ष जागेवर आणणारा एक शब्द, अशी चौकडी अमेरिकेतील मायकेल लॉरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आकस्मिक सेवेतील मंडळींसाठी मांडली आहे. मी ती मराठीत जशीच्या तशी शिकवतो, फक्त शब्द ज्याचा त्याने निवडायचा. वर सांगितलेल्या सिस्टरांनी ‘हळू’ हा शब्द घेतला. कप्पा उघडताना त्या तो अगदी हलक्या आवाजात म्हणतात.

आपल्याकडची एक अडचण मात्र कोणत्याही यंत्राने सुटत नाही. डॉक्टर अडकला आहे हे सिस्टरांना दिसते, पण ‘सर, चुकताय’ म्हणणे त्यांना अवघड जाते. म्हणून त्या ‘सर, दुप्पट ना?’ असे प्रश्नरूपाने, दबकत बोलतात, आणि लक्ष आकसलेल्या कानांना नेमका तोच स्वर ऐकू येत नाही. यासाठी प्रत्येक पथकाने सरावापूर्वीच एक ठरीव वाक्य मान्य करून घ्यावे. आमच्या वर्गात ते ‘थांबा, मोजूया’ असे आहे. हे वाक्य आले की हातातले काम दोन सेकंद थांबवून, आतापर्यंत काय दिले आणि पुढे काय, हे मोठ्याने म्हणायचे, आणि दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. ते कोणी उच्चारले यावरून मोठा-लहान काढायचा नाही, हे वर्गातल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वतः सांगावे. कॅमेऱ्याची नोंद इथे फार कामाची ठरते, कारण वाक्य किती वेळाने आले आणि त्यानंतर किती वेळात प्रतिसाद मिळाला, हे घड्याळ लावून दाखवता येते.

हेडसेटबद्दल थोडक्यात. चेंगराचेंगरीत किंवा बस अपघातात एकाच वेळी वीस जखमी समोर असताना मान वळवून सगळीकडे पाहणे, कोण चालू शकतो, कोणाचा श्वास चालू आहे, कोण सांगितलेले ऐकतो, हे ठरवत पुढे सरकणे, याच्या सरावासाठी आभासी वास्तव चांगले. हातांच्या कामासाठी ते निरुपयोगी आहे. हेडसेट घालून छातीदाब शिकवू नये. काहींना त्यात मळमळते, म्हणून एका वेळी दहा-पंधरा मिनिटेच द्यावीत, आणि मळमळीने वाढलेली नाडी तणावाची समजू नये.

इथे नाशिकपुरती एक गोष्ट काळजीने सांगावीशी वाटते. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात सिंहस्थाच्या पर्वणीला चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीच्या गळतीने याच शहरातल्या रुग्णालयात करोनाचे रुग्ण दगावले. आपल्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणी त्या दिवशी ड्युटीवर असेल, कोणाच्या घरचे माणूस त्यात असेल, आणि ते आपल्याला सांगणारही नाहीत. म्हणून गर्दीत गुदमरल्याचा किंवा ऑक्सिजन खंडित झाल्याचा प्रसंग कधीही अचानक, आश्चर्याचा धक्का म्हणून घेऊ नका. आदल्या दिवशी सांगा, बाहेर बसण्याची मुभा द्या, कारण विचारू नका. बाहेर बसलेल्याचे नाव कुठेही लिहून ठेवू नका. धक्का जितका मोठा तितके शिक्षण पक्के, ही समजूत चुकीची आहे, आणि जुनी जखम उघडी पडलेला माणूस त्या दिवशी काहीही शिकत नाही.

नोंदींची मालकी प्रशिक्षणार्थीची असते. सुरुवातीलाच लेखी संमती घ्या, नकाराची मुभा द्या, आणि पट्टा न बांधणाऱ्यालाही कार्ड व व्हिडिओवर तेवढेच शिकता येईल अशी आखणी ठेवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता आहेच, पण कायदा नसता तरी एखाद्याच्या हृदयाचे ठोके त्याच्या वरिष्ठांना किंवा व्हॉट्सॲप गटावर पाठवणे गैरच ठरले असते. आलेखाची प्रत त्याच्या हाती द्यावी आणि व्हिडिओ चर्चेनंतर ठरलेल्या मुदतीत पुसून टाकावा. आलेखात ठोके वारंवार अनियमित दिसले तर त्या व्यक्तीला एकट्याला बाजूला घेऊन रीतसर ईसीजी काढून घ्यायला सांगावे. वर्गातच निदान करू नये. ही शिस्त मी नंतर शिकलो. सुरुवातीच्या काळात मी एकदा सगळ्या तुकडीचे आलेख एकत्र पडद्यावर लावले होते. सर्वांत उंच रेषा ज्या मुलीची होती ती पुढच्या वर्गाला आली नाही. ती चूक माझी होती, आणि तिची आठवण अजून बोचते.

आणखी एक. काही जणांची विश्रांतीची नाडीच सलग तीन दिवस चढलेली दिसेल. त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी ड्युटीचा तक्ता मागवून बघा. सलग रात्रपाळ्या, जेवणाची सुट्टी नाही, दोघांचे काम एकाकडे, अशी कारणे तिथे सापडतात, आणि ती दूर करणे व्यवस्थापनाच्या हातात असते. तो तक्ता घेऊन मी स्वतः प्रशासनाकडे जातो, कोणाचेही नाव वा आलेख न दाखवता. खऱ्या, जिव्हारी लागलेल्या प्रसंगानंतर सगळ्यांना सक्तीने एकत्र बसवून भावना बोलायला लावणे हेही करू नका. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. चहा, घरी सोडायची सोय, दोन दिवसांनी एक फोन, आणि हवे असेल त्याला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक, एवढे तरी नक्की करता येते.

तुमच्या निधीत माझ्या मते चार छातीपट्टे, दोन साधे कॅमेरे, एक ध्वनिक्षेपक आणि प्रतिसाद देणारे एक चांगले मॅनिकिन घ्यावे, आणि उरले तर एक हेडसेट. पट्ट्याचे व कॅमेऱ्याचे घड्याळ रोज सकाळी जुळवून घ्यावे. तीस सेकंदांचा फरक राहिला तर कोणत्या क्षणी काय झाले याचा सगळा मेळ चुकतो. प्रत्येकाची विश्रांतीची नाडी निदान दोन वेगळ्या दिवशी, पाच मिनिटे बसवून, घ्यावी आणि तुलना फक्त त्याची त्याच्याशीच करावी.

चार सत्रे आखली असतील तर चौथ्या सत्रात पट्टे पेटीतच राहू द्यावेत. प्रसंग तोच, गर्दीचा आवाज पूर्ण मोठा, आणि हातात फक्त कार्ड व पेन. प्रसंग संपल्यावर प्रत्येकाने स्वतःचा आकडा लिहायचा, आपली खूण कोणत्या क्षणी जाणवली ते लिहायचे, आणि शेजारच्या सहकाऱ्याचाही अंदाज लिहायचा. मग दोन्ही कार्डे एकमेकांशी ताडून पाहायची. पहिल्या तुकडीची चौथ्या सत्राची कार्डे जमली की, नावे झाकून, मला दाखवायला जरूर आणा. कोणत्या खुणा सहकाऱ्यांना आधी दिसतात आणि कोणत्या स्वतःलाच आधी कळतात, हे आपण दोघे बसून पाहू आणि त्यावरून दुसऱ्या तुकडीचे प्रसंग ठरवू.